आधी तुटलंय कुठे ते पाहा

दिल्लीत कश्मीरी गेटकडून विद्यापीठाच्या बाजूला निघाले की 'हिंदूराव' हे नाव सतत भेटते. बाडा हिंदूराव हा गजबजलेला भाग आणि रिज या टेकडीच्या कड्यावरचे हिंदूराव रुग्णालय. नाव अस्सल मराठी आहे. हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटगे घराण्यातले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला, त्यानंतर रिजवरचा त्याचा बंगला हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या वेढ्यात इंग्रजांनी याच बंगल्याच्या आधाराने दिल्लीवर तोफा रोखल्या, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत तो सापडतो.

विज्ञानाच्या अंगाने पाहणाऱ्याला मात्र वेढ्याच्या महिनाभर आधीचा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटेल. तो घडला कश्मीरी गेटबाहेरच्या तारघरात, रिज आणि शहराची तटबंदी यांच्या मधल्या पट्ट्यात. १० मे १८५७, रविवार. मेरठची तार लागेना. यमुनेच्या तळातून गेलेली केबल खराब झाली असेल, असा पहिला अंदाज. ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन हे दोन तरुण तारबाबू नदीपलीकडच्या केबलघरापर्यंत गेले आणि तिथून दोन्ही दिशांना संदेश पाठवून पाहिले. दिल्लीशी बोलणे झाले, मेरठकडून काहीच येईना. म्हणजे नदीतली केबल शाबूत होती, खंड पुढे मेरठच्या बाजूला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे वरिष्ठ टॉड दुरुस्तीसाठी निघाले आणि परत आले नाहीत. मेरठहून आलेल्या शिपायांच्या हातून ते मारले गेले. मागे राहिलेल्या दोघांनी अंबाल्याला तार केली आणि उठावाची खबर पंजाबात पोचली. १९०२ मध्ये उभारलेला त्यांचा स्मारकस्तंभ कश्मीरी गेटजवळ आजही आहे.

राजकारण बाजूला ठेवून त्या रविवारची रीत तेवढी घेऊ. तार बंद पडली तर सगळीकडे ठोकाठोकी करायची नाही. मध्यावर जायचे, दोन्ही बाजू तपासायच्या आणि दोषाची बाजू ठरवायची. नवे सिम चालू होत नाही, रेंज येत नाही, चार्जिंग टिकत नाही, या तिन्ही तक्रारींना हीच रीत लागू पडते. आपण मात्र फोन तीनदा बंद-चालू करतो, सिम पुसून पुन्हा घालतो आणि शेवटी दुकानात जातो.

हिंदूरावपासून थोड्याच अंतरावर मुखर्जीनगर आहे. स्पर्धा परीक्षेसाठी लातूर, बीड, सोलापूरहून आलेली कितीतरी मराठी मुले तिथे राहतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा एक प्रश्न असतोच: गावाकडचा नंबर तसाच ठेवायचा की इथल्या कंपनीत पोर्ट करायचा? दूरसंचाराच्या नकाशात दिल्ली हे वेगळे परिमंडळ आहे; नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम त्यातच येतात. महाराष्ट्र आणि गोव्याचे परिमंडळ एक, मुंबईचे निराळे. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ ला देशभर पोचली. पण लातूरचा नंबर दिल्लीच्या परिमंडळात नेता येऊ लागला तो जुलै २०१५ पासून. इंग्रजीत पोर्ट हा शब्द, मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा संदेश १९०० ला पाठवला की आठ अक्षरांचा कोड येतो. तो चार दिवस चालतो. डिसेंबर २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे परिमंडळातल्या परिमंडळात पोर्टिंगला तीन कामाचे दिवस लागतात आणि परिमंडळ बदलायचे असेल तर पाच. त्यामुळे अर्ज भरायच्या मुदतीच्या आदल्या दिवशी पोर्टिंगला हात घालू नये.

नवे सिम घातल्यावर काय घडते, ते समजून घेतले की अर्धी चिंता जाते. सिम ही नुसती नंबराची चिठ्ठी नाही. त्यात एक छोटा संगणक असतो आणि त्याच्या पोटात १२८ बिटांची एक गुप्त किल्ली. ही किल्ली सिमबाहेर कधीही येत नाही. तिची दुसरी प्रत फक्त कंपनीच्या मध्यवर्ती नोंदवहीत असते. फोन टॉवरला सिमची ओळख कळवतो. हा पंधरा आकड्यांपर्यंतचा क्रमांक असतो आणि भारतीय सिमवर तो ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो. नोंदवही उलट एक यादृच्छिक संख्या पाठवते. सिम आपल्या किल्लीने तिच्यावर गणित करून उत्तर देते. दोन्हीकडची उत्तरे जुळली तरच दार उघडते. थ्रीजीपासून पुढे टॉवरलाही सिमसमोर आपली ओळख पटवावी लागते. एवढे सगळे होते, पण किल्ली हवेतून एकदाही जात नाही. मला ही रचना अतिशय सुंदर वाटते.

आता मध्यावर जाऊ. फोन सिम स्वीकारतो का? स्वीकारत नसेल तर दोष आपल्या बाजूचा: सिम नीट बसलेले नाही, खराब झाले आहे किंवा फोन दुसऱ्या कंपनीला बांधलेला आहे. अमेरिकेहून भाच्याने आणलेल्या फोनचे असे वारंवार होते. तिथे हप्त्यावर घेतलेला फोन त्या कंपनीने कुलूपबंद केलेला असतो आणि ते कुलूप फक्त तीच उघडू शकते. इथल्या दुकानदाराशी वाद घालून उपयोग नाही. शिवाय २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमची खाचच नाही. अशा फोनला ई-सिमच लागते आणि ते उतरवून घेताना वायफाय हाताशी हवे.

सिम दिसते, कंपनीचे नावही झळकते, पण फोन लागत नाही? मग खंड पुढच्या बाजूला आहे. दार उघडले तरी आत बोलणे, इंटरनेट आणि संदेश या तीन सेवा स्वतंत्र आहेत. इंटरनेट चालते पण कॉल होत नाही, अशा वेळी आधी व्होल्टीचे, म्हणजे फोरजीच्या डेटावरून कॉल करण्याच्या सोयीचे, बटण पाहावे. ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालेल्या जिओकडे टूजी-थ्रीजी कधीच नव्हते. त्या जाळ्यावर कॉलसुद्धा डेटाच्याच वाटेने जातो. सगळे चालते पण बँकेचा ओटीपी येत नाही, अशा वेळी सिम नुकतेच बदलून घेतले आहे का ते आठवावे. सिम बदलल्यावर पहिले २४ तास संदेश मुद्दाम रोखलेले असतात. तुमच्या नावाने दुसऱ्याने सिम काढले असेल तर तुम्हाला सावध व्हायला वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू. जुलै २०२४ पासून बदललेले सिम सात दिवस पोर्टही करता येत नाही, त्याचे कारण हेच. या अडचणीत फोनवर राग काढण्यात अर्थ नाही. नियम आपल्या भल्याचा आहे.

रेंजचे प्रकरण जास्त गहन आहे, कारण तिथे आपण चुकीच्या मापावर विसंबतो. वरच्या कोपऱ्यातल्या काड्यांना कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. किती ताकदीला किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक उत्पादक आपापले ठरवतो. जुलै २०१० मध्ये अॅपलने स्वतः मान्य केले होते की काड्या मोजण्याचे त्यांचे सूत्र चुकीचे होते आणि फोन असायला हव्यात त्याहून जास्त काड्या दाखवत होता. दोन फोन शेजारी ठेवून काड्यांवरून तुलना करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

खरा आकडा बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये 'फोनबद्दल' या भागात, सिमच्या माहितीत मिळतो. तो उणे असतो आणि डीबीएम या एककात असतो. फोरजीमध्ये उणे ८० उत्तम, उणे ११० म्हणजे रडतखडत, उणे १२० च्या खाली जवळजवळ काही नाही. ही मोजपट्टी गुणाकाराची आहे. दहाचा फरक म्हणजे ताकद दहापट कमी. उणे ८० आणि उणे ११० यांत ताकदीचा फरक हजारपटीचा आहे. उणे १०० डीबीएम म्हणजे एका वॅटच्या दहा लाख कोटीव्या भागाएवढी शक्ती. तेवढ्यावर फोन आईचा आवाज ऐकवतो.

रिजच्या परिसरात हा आकडा का नाचतो? जास्त वारंवारतेची लहर अडथळ्याला लवकर हार मानते. ८५० मेगाहर्ट्झची लहर टेकडीच्या किंवा गच्चीच्या कडेवरून थोडी वळून पलीकडे उतरते, तर ३३०० मेगाहर्ट्झच्या वरची फाइव्हजीची लहर जाड भिंतीपाशी अडखळते. रिज हा अरवलीच्या क्वार्टझाइट खडकाचा उंचवटा, वर विलायती कीकरची दाट झाडी, आणि ते राखीव जंगल असल्याने तिथे बांधकामावर कडक निर्बंध. टॉवर उतारांवरच्या वस्तीत, फोन झाडीत, असा मामला होतो. मोठ्या रुग्णालयांत एक्स-रे आणि सिटी स्कॅनच्या खोल्यांच्या भिंतींना बरेचदा शिशाचे अस्तर असते, त्याच्याआड रेंज जाणारच. रुग्णाच्या सोबत असलेल्याने तिथे थांबून फोन हलवत बसण्यापेक्षा जिन्यातल्या खिडकीपाशी जावे.

आणखी एक गंमत घरच्या घरी पाहता येते. खोलीत लहरी भिंतींवरून उलटून येतात आणि एकमेकींत मिसळतात. कुठे त्यांची भर पडते, कुठे त्या एकमेकींना खोडतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १७ सेंटिमीटर, म्हणून फोन टेबलावर आठ-नऊ सेंटिमीटर सरकवला तरी आकडा बदलू शकतो. तेव्हा दोन कंपन्यांची तुलना करायची तर फोन एकच घ्यावा, खोलीतल्या चार-पाच जागी दोन्ही सिमचे आकडे लिहून काढावेत आणि त्यांची सरासरी घ्यावी. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. संध्याकाळी आकड्याबरोबर इंटरनेट चालते का तेही पाहावे, कारण कमलानगरच्या बाजारात ऐन गर्दीला आकडा झकास असतो, तरी दुकानदाराच्या क्यूआरवर पैसे जात नाहीत. टॉवरचा आवाज स्पष्ट येत असतो, पण त्याच्यापुढे रांग मोठी असते. त्या वेळी रेंजला दोष देऊन चालत नाही.

आणि आता चार्जिंग. माझे ठाम मत असे की बॅटरीबद्दलच्या तक्रारींपैकी बऱ्याच मुळात रेंजच्या असतात. फोन फक्त ऐकत नाही, टॉवरला उत्तरही देतो. टॉवर जवळ असेल तर तो कुजबुजतो, दूर असेल तर ओरडतो. फोरजीच्या मानकाप्रमाणे फोनची सर्वात मोठी हाक सुमारे २०० मिलिवॅटची आणि सर्वात लहान त्याच्या वीस लाखाव्या भागाएवढी असू शकते. २०० मिलिवॅट हवेत सोडायला बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट शक्ती खर्च होते, उरलेल्याची उष्णता होते. फोन खिशात नुसता पडून तापला, तर तो बहुधा रेंज शोधत असतो.

ही उष्णता चार्जिंगच्या आड येते. लिथियम-आयन बॅटरी आधी ठरावीक प्रवाहाने भरते. विद्युतदाब कमाल मर्यादेला पोचला की तो तिथेच धरून प्रवाह हळूहळू कमी केला जातो. म्हणून २० ते ५० टक्के झपाट्याने होतात आणि शेवटचे २० टक्के रेंगाळतात. तो दोष नव्हे. शिवाय बॅटरी तापली की फोन स्वतःच प्रवाह आवळतो. साधारण ४५ अंशांच्या वर अशा बॅटरीला चार्ज करणे तिच्या आयुष्याला घातक असते, आणि दिल्लीच्या जूनमध्ये नुसती हवाच तिथवर जाते. गच्चीवरच्या खोलीत, म्हणजे बरसातीत, राहणाऱ्या मुलाला रेंज छान मिळते पण खोली भट्टीसारखी असते. तळमजल्याच्या आतल्या खोलीत गारवा असतो पण फोन ओरडून ओरडून बॅटरी संपवतो. एकच फोन या दोन खोल्यांत दोन वेगळ्या फोनांसारखा वागतो.

चार्जरवर छापलेल्या वॅटवरही भिस्त ठेवू नये. चार्जर, केबल आणि फोन आधी आपसात बोलणी करतात आणि तिघांना झेपेल तेवढ्यावर तडजोड होते. एका कंपनीचा ६७ वॅटचा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला भाषा न जुळल्यामुळे १० वॅटच देतो, असे घडते. ५००० एमएएचच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. १० वॅटने ती भरायला वाया जाणारी ऊर्जा धरून दोन तासांहून जास्त लागणारच.

म्हणून चार्जिंगची चाचणी दोनदा घ्यावी. बॅटरी २० टक्क्यांवर आली की फोन एअरप्लेन मोडवर टाकून, पडदा बंद ठेवून, अर्धा तास चार्जिंगला लावावा आणि किती टक्के वाढले ते लिहावे. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वेळी, त्याच चार्जरने पुन्हा अर्धा तास, फक्त या खेपेस मोबाइल डेटा चालू ठेवून. दुसऱ्या वेळी टक्के बरेच कमी वाढले, तर खंड टॉवरच्या बाजूला आहे. फोन खिडकीपाशी न्यावा किंवा घरात वायफाय कॉलिंग सुरू करावे. दोन्ही आकडे सारखेच आणि तुटपुंजे आले, तर आधी केबल बदलावी, मग चार्जर, आणि बॅटरी बदलायचा विचार त्यानंतर.