भिंतीचा तडा आणि भाडेकरूचे देयक

रुग्णाने दाताकडे बोट दाखवले म्हणून दंतवैद्य लगेच तो दात उपटत नाही. पुष्कळदा दुखतो एक दात आणि किडलेला असतो दुसराच. म्हणून आधी पूर्वेतिहास विचारावा, मग तपासावे, गरज भासल्यास क्ष-किरण चित्र काढावे आणि त्यानंतरच निदान करावे, असे आपण सर्वजण शिकलो आहोत. मात्र स्वतःच्या हाती एखादे देयक पडले की ही शिस्त आपण विसरतो. एक तर संतापतो, नाही तर कटकट नको म्हणून मुकाट्याने पैसे भरून टाकतो. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत, हे मला अनुभवाने उमगले. तोच अनुभव व्यवसायबंधूंच्या आणि समाजबांधवांच्या उपयोगी पडेल, या विचाराने येथे मांडत आहे.

२०१४ साली मी कलबुर्गीत एका जुन्या घराचा तळमजला दवाखान्यासाठी भाड्याने घेतला. अनामत रक्कम ५०,००० रुपये होती. आठ वर्षांनी, २०२२ च्या मे महिन्यात, स्वतःची जागा झाल्यामुळे मी किल्ल्या परत केल्या. आठवडाभराने घरमालकांनी ६८,००० रुपयांचे देयक पाठवले आणि दूरध्वनीवर सांगितले, "डॉक्टरसाहेब, अनामत तर वळती केलीच आहे, वरचे अठरा हजार तेवढे सवडीने पाठवून द्या." सोबत एक कागद होता. 'नुकसान मान्य आहे' असे त्यावर आधीच लिहिलेले होते आणि खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली होती.

घरमालक वयाने वडीलधारे, दर गणेशोत्सवात भेटणारे. सही करून मोकळे व्हावे, असे क्षणभर वाटले. पण मुख्य आरोप असा होता की, माझ्या कॉम्प्रेसरच्या हादऱ्यांनी भिंत तडकली. तो मान्य करणे म्हणजे पैशांबरोबर बेपर्वाईचा ठपकाही पदरात घेणे होते. मी सही केली नाही आणि भांडणही केले नाही. 'रकमेचा तपशील बाबवार लिहून द्यावा,' एवढीच विनंती केली.

तपशील आला तो असा : भिंतीच्या तड्यांची दुरुस्ती ३१,५०० रुपये, संपूर्ण रंगकाम १८,००० रुपये, छताची गळती ९,००० रुपये, सहा शहाबादी फरश्या ७,२०० रुपये आणि हात धुण्याचे भांडे व नळ २,३०० रुपये. एकरकमी देयकाला उत्तर देणे कठीण असते. त्याचे पाच तुकडे झाले की प्रत्येकाला तीन प्रश्न विचारता येतात. नुकसान खरोखर झाले आहे काय? झाले असल्यास ते कोणत्या कारणाने झाले? आणि मागितलेली रक्कम त्या नुकसानीइतकीच आहे काय?

पहिली बाब तड्याची. बीदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे, तर कलबुर्गीच्या आसपास काळ्या मातीचा पट्टा आहे. ही माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात सुकून आकसते. पाया उथळ असलेल्या जुन्या घरांचा काही भाग त्यामुळे वर्षानुवर्षे वरखाली होत राहतो आणि दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरपे तडे निघतात. असे तडे उन्हाळ्यात रुंदावतात व पावसाळ्यात काहीसे मिटतात. परिचयातील एका स्थापत्य अभियंत्यांना मी घरमालकांच्या संमतीने तेथे नेले. त्यांनी आत येण्यापूर्वी बाहेरून फेरी मारली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला तडा माझ्या खोलीच्या छतापाशी थांबला नव्हता. तो वरच्या मजल्यावर चढला होता. तशीच तिरपी भेग कुंपणाच्या भिंतीलाही होती. कॉम्प्रेसर जेथे ठेवलेला होता, त्यालगतची भिंत मात्र धड होती. रोगाचे मूळ पायाखाली होते.

तरीही घरमालक म्हणाले, "तुम्ही आलात तेव्हा हे नव्हते." घर ताब्यात घेताना मी त्याच्या स्थितीची नोंद केली नव्हती, ही माझी मोठी चूक. अखेर दवाखान्याच्या उद्घाटनाची छायाचित्रे शोधली. एका चित्रात फीत कापणाऱ्या पाहुण्यांच्या मागे, झेंडूच्या तोरणाखाली, तोच तडा स्पष्ट दिसत होता. घरमालक स्वतः त्या चित्रात उभे होते. गळतीबाबत मी २०१७ च्या पावसाळ्यात त्यांना पत्र लिहिले होते. त्याची प्रतही सापडली.

कायदा काय सांगतो, हेही या निमित्ताने वाचले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ घरमालक व भाडेकरू यांची कर्तव्ये सांगते. वेगळा करार नसेल, तर भाडेकरूने घर घेतले त्या स्थितीत परत करावे. मात्र रास्त वापराने होणारी झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरच्या शक्तीने झालेले बदल यांतून वगळलेले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचे हादरे आपल्या सीमाभागानेही अनुभवले आहेत. तशा घटनेने गेलेला तडा भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. याउलट भाडेकरूच्या किंवा त्याच्या नोकराच्या कृतीने अथवा हयगयीने बिघाड झाला असेल आणि मालकाने तशी सूचना दिली असेल, तर तीन महिन्यांच्या आत तो दुरुस्त करून देण्याचे बंधन भाडेकरूवर आहे. पुराव्याचा नियमही सरळ आहे. जो दावा करतो त्याने तो सिद्ध करायचा. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. करारभंगाची भरपाई १८७२ च्या करार कायद्यानुसार प्रत्यक्ष झालेल्या हानीपुरती असते. आठ वर्षांत जुना झालेला रंग भाडेकरूच्या पैशाने नवा करून घेणे ही भरपाई नव्हे.

या आधारे मी दोन पानी उत्तर लिहिले. प्रत्येक बाबीपुढे मान्य की अमान्य ते नोंदवले, कारण दिले आणि छायाचित्राची प्रत जोडली. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. पाचही बाबी खोट्या नव्हत्या. हात धुण्याचे भांडे माझ्याच मदतनिसाच्या हातून फुटले होते. रुग्णाच्या खुर्चीचे बोल्ट काढताना दोन फरश्याही फुटल्या होत्या. उरलेल्या चार फरश्या खालचा भराव खचून हलत होत्या. म्हणून भांडे व नळाचे २,३०० आणि दोन फरश्यांचे २,४०० असे ४,७०० रुपये मी आपणहून मान्य केले. आपली चूक आधी कबूल केली की उरलेल्या नकाराला वजन येते.

पुढे समाजातील एका ज्येष्ठ गृहस्थांच्या ओसरीवर अभियंत्यांसह आम्ही बसलो. छायाचित्र हातोहात फिरले. घरमालक बराच वेळ ते पाहत राहिले आणि म्हणाले, "तडा जुनाच दिसतो." ४५,३०० रुपये मला परत मिळाले. देणे-घेणे पूर्ण झाल्याचा कागद लिहून दोघांनीही त्यावर सह्या केल्या.

तसे झाले नसते, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाण्याचा माझा विचार होता. दावा दाखल होण्यापूर्वीचे वादही लोक अदालतीपुढे ठेवता येतात. तेथील तडजोडीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील होत नाही. म्हणून तेथेही पूर्ण विचार करूनच मान्यता द्यावी.

नव्याने दवाखाना थाटणाऱ्या तरुण मित्रांना चार सूचना कराव्याशा वाटतात. किल्ली घेण्याच्या दिवशीच भिंती, छत, फरशी व नळ यांची तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि स्थितीची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. बिघाड दिसताच मालकांना लेखी कळवावे व प्रत जपून ठेवावी. आपल्याकडे भाडेकरार पुष्कळदा कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर जाणकाराकडून शब्दन् शब्द समजून घेतल्याशिवाय सही करू नये, कारण दुरुस्ती व रंगकामाच्या अटी त्यातच असतात. आणि घर सोडताना मालकांसमवेत पुन्हा एकदा फेरी मारून तीच यादी ताडून पाहावी.

मी मे महिन्यात संतापाने दोन शब्द बोललो असतो, तर कदाचित पैसे मिळाले असते, पण माणूस तुटला असता. यंदाच्या गणेशोत्सवातही ते घरमालक भेटले. आपला धाकटा मुलगा पायाच्या दुरुस्तीचे पाहत आहे, असे त्यांनी सांगितले. निदान बरोबर झाले की उपचारही योग्य जागी होतो, याचे मला समाधान वाटले.