अजगराची अंडी आणि बाष्पाचा हिशेब

कोंबडीच्या अंड्याचे कवच टणक असते व भ्रूणाला लागणारे पाणी त्यात आधीच साठवलेले असते. अजगराच्या अंड्याचे आवरण मात्र चिवट व चामड्यासारखे असून त्यातून बाष्पाची सतत ये-जा चालत असल्यामुळे, भोवतालची हवा कोरडी पडली की ते आक्रसते आणि ती पुरेशी दमट असली की पाणी शोषून वजनाने वाढते. निसर्गात याची तजवीज मादीच करते: ती अंड्यांभोवती वेटोळे घालून ओलावा कोंडून धरते, व गारठा वाढला की स्नायूंना हिसके देऊन ऊबही निर्माण करते.

प्राणिसंग्रहालयात हेच काम पेटीकडे सोपविताना, 30 ते 32 अंश सेल्सिअस तपमानात, व्हर्मिक्युलाइट हे फुगवलेले खनिज बहुधा वजनाने समभाग पाण्यात कालवून अंथरतात. (आपल्याकडे अजगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येत असल्याने, हा उद्योग परवानगीवाचून कोणी घरी आरंभू नये.) नवख्याची फसगत बहुधा कोरडेपणाने नव्हे, तर अतिउत्साहाने होते, असे माझे मत आहे, कारण झाकणावर साचलेले थेंब अंड्यांवर टपकत राहिले, तर आवरणातून होणारा प्राणवायूचा पुरवठा खुंटतो आणि बुरशीला आयतेच निमंत्रण मिळते. म्हणून झाकण तिरपे ठेवावे, आणि पाणी घालणे झालेच तर कडेने, अंडी न हलविता घालावे.

आरंभीच्या आठवड्यांत अंड्याला खळगा पडला तर ओलावा वाढवावा. सुमारे दोन महिन्यांनी, उबवण संपत आली असता पडणारा खळगा स्वाभाविक समजावा.