ध्वनीचा चिमटा

बोरीच्या शिवारांतील मूठभर ओली माती घेतली, तर तींत सुतासारखे बारीक असंख्य कृमि असतात. त्यांस सूत्रकृमि म्हणतात. कांहीं जाती पिकांच्या मुळांवर गांठी आणतात. म्हणून त्यांचें परीक्षण अगत्याचें आहे. परंतु एक मिलिमीटरहून आंखूड असा वळवळणारा जीव धरावा कसा? सुई लावावी तर तो जखमी होतो. औषधानें गुंगवावा तर त्याचें वर्तन पालटतें. या अडचणींत शास्त्रज्ञांनीं ध्वनीचें साह्य घेतलें आहे.

जर्मन शास्त्रज्ञ क्लाड्नी यांनीं १७८७ सालीं दाखविलें कीं, कांपणाऱ्या पत्र्यावर टाकलेली वाळू ठराविक रेषांवर गोळा होते. कारण त्या रेषांवर कंप नसतो. आपल्याकडे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं वाद्यांच्या पुडीवर वाळू टाकून मिळविलेल्या अशाच आकृति १९३४ सालीं प्रसिद्ध केल्या.

पाण्यांतहि असेंच कांहीं घडतें. समोरासमोरून येणाऱ्या दोन सारख्या लहरी मिसळल्या, म्हणजे कांहीं जागीं दाब एकसारखा वरखालीं होतो व कांहीं जागीं जवळजवळ बदलत नाहीं. पाण्याहून किंचित् जड असलेला जीव या शांत जागीं लोटला जातो. पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १५०० मीटर जातो. सेकंदास १५ लक्ष कंप दिले, तर लहरीची लांबी एक मिलिमीटर होते व शांत जागा अर्ध्या मिलिमीटरवर येतात. मनुष्याचा कान २० हजार कंपांपलीकडे ऐकत नाहीं. म्हणून हा चिमटा आपणांस निःशब्दच. कंपसंख्या बदलली कीं शांत जागा सरकते आणि तिजबरोबर जीवहि सरकतो.

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१२ सालीं स्फटिकाच्या लहानशा चकतीवर एक सूत्रकृमि याच रीतीनें धरला व हवा तसा हलविला. प्रकाशकिरणांनीं सूक्ष्म वस्तु धरण्याच्या युक्तीहून येथें लागणारी शक्तीची तीव्रता सुमारें एक कोटी पटींनीं कमी होती. म्हणून जीव भाजण्याचें भय फार थोडें. याच युक्तीनें रक्तांतील पेशीहि वेगळ्या करतां येतात.

विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग घरीं अवश्य करावा. वाटीच्या तोंडावर फुग्याचें रबर ताणून बांधावें, त्यावर बारीक वाळू पसरावी आणि जवळ तोंड नेऊन एकच सूर मोठ्यानें धरावा. सूर बदलतांच वाळूची नक्षी बदलेल. ध्वनीला हात असतात, हें मग सांगावें लागणार नाहीं.