फरशी निवडताना धुणाऱ्या हातांचाही विचार करा

‘घर पाहावे बांधून’ असे वाडवडील सांगत आले. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त होताना हाती आलेली रक्कम असो, की सातपूरच्या कारखान्यात पै पै करून साठलेला फंड असो, कामगाराच्या घरात तो पैसा बहुधा विटा-सिमेंटमध्येच जातो. मग एखाद्या रविवारी सारे कुटुंब फरशीच्या दुकानात जाते. रंग पाहिला जातो, चकाकी पाहिली जाते, भावाची घासाघीस होते. पण ही फरशी पुढची वीस वर्षे कशाने धुतली जाणार आणि कोण धुणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

न्हाणीघरात, संडासात पांढरा थर चढला की आपल्याकडे त्यावर एकच औषध, ॲसिडची बाटली. त्या बाटलीत असते हायड्रोक्लोरिक ॲसिड. बोअरच्या जड पाण्याने जो थर बसतो तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचाच. ॲसिड तो विरघळवते, म्हणून जागा क्षणात स्वच्छ दिसते. आता गंमत अशी, की आपल्या घरातली शहाबादी फरशी, राजस्थानातून येणारा कोटा, आंध्रातला काळा कडप्पा आणि संगमरवर हे सारे दगडही त्याच घराण्यातले. थर कोणता आणि फरशी कोणती हे ॲसिडला कळत नाही. ते दोन्ही खाते. ॲसिड ओतल्यावर जो फेस फसफसतो तो मळाचा नव्हे, दगडातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा. जुन्या घरातल्या मोझॅक टाईल्सचीही तीच गत. त्यात संगमरवराची खडी आणि सिमेंट, दोन्ही ॲसिडला बळी पडणारे.

फरशी अशी खाल्ली गेली की खरखरीत होते. खरखरीत जागेत मळ जास्त धरतो. मळ धरला की बाई पुन्हा ॲसिड आणते, या वेळी थोडे जास्त. हे चक्र कधी थांबत नाही, आणि त्याची किंमत घरमालकाच्या आधी धुणारी व्यक्ती मोजते. ती बहुतेक वेळा घरातली आई किंवा सून असते, नाहीतर चार घरची कामे करणारी भगिनी, नाहीतर इमारतीचा सफाई कामगार. हाताची सालपटे निघतात, डोळ्यांतून पाणी येते, दम लागतो. न्हाणीघर लहान, खिडकी त्याहून लहान.

त्यात भर म्हणजे काही घरांत आधी ब्लिचिंग पावडर टाकून त्यावरच ॲसिड ओततात. ‘दोन्ही मिळून जास्त स्वच्छ’ असा समज. प्रत्यक्षात त्यातून क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शस्त्र म्हणून सोडला होता. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने खाली साचतो, आणि फरशी घासणारी बाई तर खाली बसूनच काम करीत असते. भगिनींनो, या दोन वस्तू कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकही वापरू नका.

मग लावावे तरी काय? न्हाणीघर आणि संडास यांसाठी झिलई दिलेली सिरॅमिक टाईल अजूनही सर्वांत शहाणपणाची. तिच्यावरचा थर काचेसारखा असतो. घरात वापरल्या जाणाऱ्या साबण, सोडा, लिंबू, व्हिनेगर यांपैकी कशाचेही त्यावर काही चालत नाही. व्हिट्रिफाइड टाईल आणखी घट्ट, ती पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषते. पण साध्या न्हाणीघरासाठी तेवढा खर्च केलाच पाहिजे असे आमचे मत नाही. तो पैसा सांध्यांसाठी राखून ठेवावा. जमिनीवर मात्र गुळगुळीत टाईल नको, खरबरीत पोताचीच घ्यावी. घरात वृद्ध माणसे असतात.

सांध्यांचे महत्त्व फार थोड्यांना माहीत असते. टाईल कितीही भारी असली तरी दोन टाईलमधली दरज पांढऱ्या सिमेंटने भरलेली असेल तर ॲसिड तिथूनच आत शिरते. सिमेंट सुटते, पाणी झिरपते, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी भांडण सुरू होते. एवढ्यावर भागत नाही. ॲसिडमधले क्लोराइड स्लॅबच्या सळईपर्यंत पोचले की सळई गंजू लागते, फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. म्हणून निदान न्हाणीघरात तरी दरजा इपॉक्सीने भरून घ्याव्यात. ती महाग पडते, दोन भाग कालवून लवकर वापरावी लागते, म्हणून गवंडी टाळाटाळ करतो. पण ती पाणी पीत नाही आणि तिच्यात मळ बसत नाही. तीव्र ॲसिड तिलाही सोसत नाही हे लक्षात ठेवावे. त्याबरोबर जाळीकडे नीट उतार हवा. पाणी साचलेच नाही तर थरही कमी धरतो.

स्वयंपाकघराच्या ओट्याचेही असेच. काळा कडप्पा स्वस्त म्हणून बसवतात आणि चिंच-लिंबाचे डाग वर्षभरात दिसू लागतात. ग्रॅनाइट आंबटाला दाद देत नाही. दुकानदार काळा दगड दाखवून ग्रॅनाइट म्हणत असेल तर तुकडा मागून घ्या, त्यावर लिंबाचे चार थेंब टाका आणि थोड्या वेळाने पुसून पाहा. चकाकी उडून फिकट डाग राहिला तर तो चुनखडीचाच दगड.

आपल्या नाशिकचा काळा पाषाण, बेसॉल्ट, हा ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, चुनखडीचा नव्हे. त्रिरश्मी डोंगरातली बौद्ध लेणी याच पाषाणात कोरलेली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे सातवाहन आणि क्षहरातांचे लेख तिथे आजही वाचता येतात. बेसॉल्ट वितळवून ओतलेल्या टाईल्स आज कारखान्यांत झीज आणि रसायने सोसण्यासाठी बसवतात, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

कारखान्याचा विषय निघालाच आहे. सातपूर-अंबडच्या प्लेटिंग शॉपमध्ये काम करणाऱ्या बांधवांनी आपल्या पायाखाली पाहावे. तिथे साधे काँक्रीट असेल आणि त्याला भेगा असतील, तर टाकीतून सांडलेले ॲसिड आणि क्रोमियमचे पाणी सरळ जमिनीत जाते. सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि जमिनीतले पाणी पुढे विहिरीत उतरते. अशा जागी ॲसिडप्रूफ विटा, त्यांचे सांधे रेझिनच्या मसाल्याचे, आणि सांडलेले पाणी शुद्धीकरणाच्या टाकीकडे नेणारे गटार हवे. निफाड-दिंडोरीकडच्या वायनरींनाही हाच नियम; द्राक्षरसाचा आंबटपणा आणि टाक्या धुण्याचा कॉस्टिक सोडा साध्या सिमेंटला पोखरतात.

भाड्याच्या घरात फरशी बदलणे हाती नसते. तिथे शहाबादी-कोट्यावर साबणाचे पाणी आणि ब्रश एवढेच वापरा, व्हिनेगरही नको. टाईलवरच्या थरावर व्हिनेगर अर्धा तास ठेवून घासा. बिनलेबलची बाटली फेरीवाल्याकडून घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशानुसार विक्रेत्याने ॲसिड घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहून नोंद ठेवायची असते. आणि अंगावर ॲसिड उडालेच तर हळद, तूप काही न लावता किमान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे, ॲसिड लागलेले कपडे काढून टाकावेत आणि डोळ्यात गेले असल्यास डोळाही आधी तसाच पाण्याने धुऊन मग लगेच दवाखाना गाठावा.