परसातील कोंबड्या, खत आणि माशी

वसंत व्याख्यानमालेत आत्म्यापासून अर्थकारणापर्यंत सर्व विषय येऊन जातात. त्या पंगतीत कोंबडीच्या शिटेला पान मांडावे, हे काही श्रोत्यांस रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु शेजारधर्म हा विषय जर व्यासपीठाला शोभतो, तर शेजाऱ्याशेजाऱ्यांत वितुष्ट आणणारी माशीही त्याला वर्ज्य असू नये. शिवाय हा विषय आम्हांस सुचला तो ग्रंथांवरून नव्हे; कुंपणापाशी ऐकलेल्या एका वाक्यावरून.

आमच्या परसात दहा कोंबड्या आहेत. पहिले वर्ष अंड्यांच्या कौतुकात गेले. खुराडे झाडून निघालेली घाण आम्ही कुंपणाच्या कडेला एका कोपऱ्यात टाकीत असू आणि तिकडे पुन्हा पाहत नसू. दुसऱ्या वर्षी मृगाचा पाऊस लागला आणि पंधरवड्याच्या आत सारे परस माश्यांनी घोंगावू लागले. त्या कोपऱ्याच्या पलीकडेच शेजारच्या काकूंचे स्वयंपाकघर. त्यांची लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. एके दिवशी सकाळी काकू कुंपणापाशी आल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "अंडी तुमच्या ताटात, आणि माश्या मात्र आमच्या पाळण्यावर, हा कुठला न्याय?"

याला उत्तर नव्हते. कोंबड्या विकून टाकाव्यात, इथपर्यंत घरात बोलणे गेले. काकूंकडून आम्ही एक महिन्याची मुदत मागून घेतली. त्या महिन्यात आम्हांस जे शिकावे लागले, ते खरे पाहता कोंबड्या आणण्यापूर्वीच ठाऊक असावयास हवे होते. तेच येथे मांडावयाचे आहे.

प्रथम माशीविषयी. घाणीतून माश्या आपोआप उत्पन्न होतात, अशी समजूत पूर्वी जगभर होती. इटलीतील फ्रान्सेस्को रेदी या वैद्याने १६६८ साली ती खोटी ठरविली. त्याने मांसाचे तुकडे भांड्यांत ठेवले. काही भांडी उघडी ठेवली, काहींच्या तोंडाला विरळ कापड बांधले. उघड्या भांड्यांतील मांसात अळ्या झाल्या, झाकलेल्यांत झाल्या नाहीत. अर्थ स्पष्ट होता: माशीची आई माशीच. घाण ही तिची जननी नव्हे, फक्त बाळंतिणीची खोली आहे.

मग त्या खोलीत काय काय घडते, ते पाहू. घरमाशीची मादी एका वेळेस १०० ते १५० अंडी घालते आणि आयुष्यात अशा चार-पाच खेपा करते. आपल्याकडील उष्ण हवेत अंडे एका दिवसाच्या आत फुटते. त्यातून निघालेली पांढरी अळी चार ते सात दिवस खात राहते. पोट भरले म्हणजे ती ओल सोडून कडेच्या कोरड्या मातीत शिरते आणि तेथे कोष करते. तीन ते सहा दिवसांनी कोषातून माशी बाहेर पडते. म्हणजे अंड्यापासून माशीपर्यंतचा सारा प्रवास अनुकूल हवेत आठ-दहा दिवसांत उरकतो. पाऊस लागल्यावर पंधरवड्याच्या आत परस का घोंगावले, त्याचा उलगडा आम्हांस या हिशेबाने झाला.

याच हिशेबातून दुसरीही एक गोष्ट निघते. अंड्याला आणि अळीला ओल लागते. कोरड्यात अंडे सुकून जाते. अळीला मऊ, ओलसर अन्नावाचून वाढता येत नाही. तेव्हा माशीच्या आयुष्यातला नाजूक काळ म्हणजे हे पहिले चार-पाच दिवस. पंख फुटलेल्या माशीमागे फडके घेऊन धावणे कष्टाचे, आणि बहुधा व्यर्थ; पण जागची न हलणारी अंडी आणि अळ्या मुलालाही नाहीशा करता येतील. त्यांची ओल काढून घेतली की झाले.

आता कोंबडीकडे वळू. पक्ष्यांना मूत्राशय नसते. आपण मूत्रावाटे जे टाकतो, ते कोंबडी शिटेवरच्या पांढऱ्या थराच्या रूपाने टाकते. तो थर युरिक आम्लाचा असतो. म्हणून तिच्या खतात नत्र भरपूर. ताज्या शिटेत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. एक मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२५ ग्रॅम शीट टाकते. दहा कोंबड्यांची दिवसाला किलोभर किंवा थोडी अधिक, महिन्याची तीस-पस्तीस किलो. आणि त्यात पाणी चोवीस-पंचवीस लिटर! म्हणजे दर महिन्याला दोन कळशा पाणी आम्ही त्या कोपऱ्यात ओतीत होतो, आणि वरून पाऊस. आम्हांस वाटत होते की आम्ही घाण टाकतो. प्रत्यक्षात आम्ही ओल साठवीत होतो.

खात्री करून घ्यावी म्हणून आम्ही पडवीत दोन घमेली ठेवली. एकात शीट जशीच्या तशी. दुसऱ्यात तेवढीच शीट दुप्पट वाळल्या पाचोळ्यात कालवून वर कोरड्या मातीचा थर दिलेली. सहाव्या दिवशी पहिले घमेले अळ्यांनी वळवळत होते. दुसऱ्यात काठीने उकरून पाहिले, तर भुसभुशीत चुऱ्याखेरीज काही सापडले नाही. घरातील मुलांना रेदी समजावून सांगण्याची मग गरज उरली नाही.

यानंतर आम्ही काय केले, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट खुराड्याची. छपराची पागोळी आत पडू नये म्हणून पत्रा हातभर पुढे काढला. पाण्याचे भांडे जमिनीवर होते, ते विटांवर चढवून कोंबडीच्या पाठीइतक्या उंचीवर ठेवले. भांडे खाली असले म्हणजे कोंबड्या त्यात पाय घालतात, पाणी सांडते, आणि माश्यांचा पहिला पाळणा नेमका तेथेच हलतो. खुराड्याच्या जमिनीवर भाताच्या तुसाची किंवा लाकडाच्या भुशाची चार-सहा बोटे जाड गादी केली. ही गादी शिटेतील पाणी शोषून घेते. तिच्यावर मूठभर धान्य टाकले, तर कोंबड्या स्वतःच ती उकरून मोकळी करतात, आणि एखादी अळी दिसलीच तर तीही टिपतात. गादीची परीक्षा सोपी आहे: मूठभर घेऊन दाबावी, मूठ उघडताच सुटी झाली तर ठीक, लाडू वळला तर ओल अधिक झाली. तेवढा ओला भाग काढून नवे तूस घालावे.

रात्री कोंबड्या दांडीवर बसतात, आणि दिवसाच्या शिटेचा मोठा वाटा तेथेच पडतो. म्हणून दांडीखाली एक पत्रा घालून त्यावर कोरडी माती पसरली. तो पत्रा एक दिवसाआड खरवडावयाचा. एक दिवसाआड का, हे आता सांगावयास नकोच. अळीला कोष करण्याइतकी सवड मिळू नये, एवढाच हेतू.

येथे चुन्याविषयी दोन शब्द. चुना टाकला की स्वच्छता झाली, असे आपण मानतो. परंतु शिटेवर चुना पडला की नाकाला झोंबणारा वास सुटतो. तो अमोनिया होय. खतातील नत्र हवेत उडून चालल्याची ती खूण आहे. राखेचाही गुण थोडाफार तसाच. त्यापेक्षा कोरडी माती आणि पाचोळा बरा. वास दबतो, ओल शोषली जाते आणि नत्र घरच्या घरी राहते.

दुसरी गोष्ट ढिगाची. पत्र्यावरून काढलेली शीट कोठे तरी साठवावी लागणारच. याचे शास्त्र आपल्या देशातच सिद्ध झाले आहे. इंदूर येथील संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची पद्धत बसविली आणि १९३१ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. 'इंदूर पद्धत' म्हणून ती पुढे जगभर गेली. तिचे मर्म असे की नत्राने भरलेले ओले आणि कर्बाने भरलेले कोरडे एकत्र रचावे, हवा खेळू द्यावी आणि ढीग उलथीत राहावे. शिटेत नत्र फार आणि कर्ब थोडा. वाळल्या पानांत याच्या उलट. म्हणून एक टोपली शीट घातली की दोन-तीन टोपल्या पाचोळा घालावा, आणि वर जुन्या खताचा किंवा मातीचा थर द्यावा. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर असावा, त्याहून अधिक नको. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी निदान दोन हात साधली, तर ढीग आतून तापतो. नीट तापलेल्या ढिगाचा गाभा ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. तेथे अळी जगत नाही. ती जगते थंड कडेला. म्हणून आठवड्याला ढीग उलथून कडा आत आणि गाभा बाहेर करावा. पावसाळ्यात वर पत्रा किंवा ताडपत्री हवीच.

तिसरी गोष्ट विषाची. काकूंना मुदत देण्याऐवजी आम्ही बाजारातून फवारा आणला असता, तर चार दिवस शांततेत गेले असते. परंतु 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' यातलाच तो प्रकार. डीडीटीचा इतिहास येथे आठवावा. त्याची कीटकनाशक शक्ती १९३९ मध्ये पॉल म्युलर यांनी शोधली, आणि त्यासाठी त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याआधीच, १९४६ मध्ये, स्वीडनमध्ये डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या आढळल्या होत्या. पारितोषिकाच्या सोहळ्यापूर्वीच माशीने आपला जबाब नोंदविलेला होता! शिवाय जुन्या कोरड्या खतात माशीची अंडी खाणारे कोळीसदृश बारीक जीव, अळ्या खाणारे काळे भुंगेरे आणि कोषात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या राहतात. फवाऱ्याने तेही मरतात. म्हणूनच गादी बदलताना सगळी एकदम काढू नये. जुन्या कोरड्या थराचा काही भाग ठेवावा. आपले हे बिनपगारी चाकर त्यात असतात.

खत वापरतानाही तारतम्य हवे. वाळलेल्या कोंबडखतात नत्र सुमारे तीन टक्के असते. शेणखतात अर्धा टक्का. ताजी शीट बुंध्याशी घातली, तर रोप जळते. कच्च्या खतात रोगजंतू असू शकतात. म्हणून मेथी, कोथिंबीर, मुळा यांसारख्या मातीला लागून वाढणाऱ्या आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते काढणीच्या चार महिने आधीच मातीत गेलेले असावे. खुराडे झाडल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि कोंबड्या हाताळणाऱ्या मुलांनाही ती सवय लावावी. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला होता, त्याची आठवण पुरेशी आहे.

आता शेवटचे, आणि या ऋतूत सांगण्याजोगे. ज्या कोरड्या पाचोळ्यावर हा सारा डोलारा उभा आहे, तो पावसाळ्यात मिळत नाही. आणि माश्या तर त्याच वेळी येतात. पाचोळा पडतो तो शिशिरापासून चैत्र-वैशाखापर्यंत, म्हणजे आत्ता. आणि आत्ताच आपण तो गोळा करून अंगणात पेटवून देतो. आमच्या गल्लीत संध्याकाळी निघणारा धूर म्हणजे श्रावणातली कोरडी गादी जळत असते. तेव्हा श्रोत्यांस विनंती एवढीच, की घरी गेल्यावर पाच-सहा पोती पाचोळा भरून पडवीत ठेवावा. घरात कोंबड्या नसल्या, तर ज्याच्याकडे आहेत त्याला द्यावा.

आमची मुदत कशी संपली, तेही सांगितले पाहिजे. माश्या अजिबात नाहीशा झाल्या, असे आम्ही म्हणणार नाही. गल्लीच्या तोंडाशी कचरा साठतो, तोवर ते होणेही नाही. परंतु कोपरा उचलला, ढीग कुंपणापासून दूर छपराखाली नेला, आणि चौथ्या आठवड्यात काकूंनी पाळण्यावरची जाळी दिवसा काढून ठेवलेली आम्ही पाहिली. त्या काही बोलल्या नाहीत. दिवाळीनंतर मात्र टोपली घेऊन आल्या. त्यांच्या तोंडलीच्या मांडवाला खत हवे होते.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपण म्हणतो. आमचा अनुभव असा की बारा वर्षे लागत नाहीत. पाचोळा हाताशी असला आणि दिवसाआड दहा मिनिटे कोणी पत्रा खरवडला, तर बारा-पंधरा आठवडे पुरे होतात.