डाव्याचा व्यायाम उजव्याला लागतो?

साताऱ्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे : आई न्हाणीघरात घसरली, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. चार दिवसांनी फिजिओथेरपिस्ट बाई आल्या आणि त्यांनी आईच्या डाव्या, म्हणजे धडधाकट हातात रबरी चेंडू दिला. म्हणाल्या, रोज दाबायचा, आणि चांगला जोर लावून दाबायचा. आई दाबतेय बिचारी. पण मोडलाय उजवा. डाव्याचा व्यायाम उजव्याला लागणार कसा? की नुसतं फी वसूल करायचं काम?

शंका रास्त आहे. पण बाईंच्या बाजूने १८९४ सालापासूनचा पुरावा उभा आहे आणि गंमत म्हणजे तोही रबराचाच आहे.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने १८९२ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाची दारं स्त्रियांना उघडली. (पदवीच्या वर्गात त्यांना बसू द्यायला त्याच विद्यापीठाला १९६९ साल उजाडावं लागलं, हे जाता जाता.) त्याच सुमारास एडवर्ड स्क्रिप्चर नावाचे तरुण प्राध्यापक तिथल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस. जे मोजता येत नाही त्यावर बोलायचं नाही, असा खाक्या. एका हाताला शिकवलेलं दुसऱ्या हाताला कळतं का, हे त्यांना मोजायचं होतं.

त्यासाठी साधन अगदी साधं. एक रबरी फुगा, त्याला जोडलेली नळी, नळीत पारा. फुगा मुठीत दाबला की पारा चढतो. जितका चढेल तितकी मुठीची ताकद. स्क्रिप्चर यांच्या सहसंशोधक एमिली ब्राउन यांनी आधी डाव्या हाताने फुगा दाबला, आकडा लिहून ठेवला गेला. मग डावा हात बाजूला. पुढचे काही दिवस सराव फक्त उजव्याचा. उजव्या मुठीची ताकद सुमारे ७० टक्क्यांनी वाढली, त्यात नवल नाही. शेवटी डाव्या हातात पुन्हा फुगा दिला. मधल्या काळात ज्याने काहीही केलं नव्हतं, त्या हाताने पारा पहिल्यापेक्षा सुमारे ४३ टक्के जास्त चढवला!

दुसरा प्रयोग दुसऱ्या सहसंशोधक थिओडेट स्मिथ यांच्यावर झाला. बारीक छिद्रात कडेला न लागता सुई घालायची. कडेला लागली की विजेचं मंडल पूर्ण होऊन चूक पकडली जायची. डाव्या हाताने सुरुवातीला निम्म्या वेळा जमलं. मग रोजचा सराव उजव्याने केला आणि त्यानंतर डाव्याची परीक्षा घेतली, तेव्हा १००पैकी ७६ वेळा सुई बिनचूक गेली.

शोधनिबंधावर तिघांचीही नावं आहेत. पुढे मात्र पुस्तकांतून तो 'स्क्रिप्चर यांचा प्रयोग' होऊन बसला. ज्यांच्या मुठीने पारा चढला आणि ज्यांच्या बोटांनी सुई धरली, त्या दोघी तळटिपेत गेल्या. वास्तविक स्मिथ यांनी १८९६ मध्ये येलचीच डॉक्टरेट मिळवली आणि पुढे क्लार्क विद्यापीठात स्टॅन्ले हॉल यांच्याबरोबर संशोधन केलं. प्रयोगात बसायला आलेली कुणी होतकरू मुलगी नव्हती ती! स्क्रिप्चर यांचं श्रेय मी नाकारत नाही, पण 'स्मिथ-ब्राउन प्रयोग' म्हणायला काय हरकत होती?

डाव्या हाताचे स्नायू वाढलेले नव्हते, तेव्हा बदल चेतासंस्थेतच झाला असणार, हा स्क्रिप्चर यांचा निष्कर्ष बरोबर होता. त्यापुढे जाऊन ते इच्छाशक्तीच्या संवर्धनावर बोलू लागले, तिथे थोडे वाहवत गेले. ते सोडून देऊ.

स्नायू न वाढता नुसत्या चेतासंस्थेने ताकद वाढते कशी? स्नायूतले हजारो तंतू एकेकटे काम करत नाहीत, गटागटाने करतात. मेरुरज्जूतली एक प्रेरक चेतापेशी आणि तिच्या हुकमातले तंतू, असा एक गट. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत गट अगदी लहान, मोजक्या तंतूंचे. पोटरीत एकेका गटात हजाराहून जास्त तंतू. चेतापेशीने संदेश सोडला की तिचा अख्खा गट आकुंचन पावतो, नाही सोडला की अख्खा गट स्वस्थ. अधलंमधलं काही नाही.

गणपतीच्या आधी पुण्यात नदीपात्राशी चाललेली ढोल-ताशा पथकाची तालीम ज्यांनी ऐकली असेल, त्यांना पुढचं समजायला वेळ लागणार नाही. पहिल्या आठवड्यात ढोल पन्नास, पण आवाज वीसांचा. नवी पोरं ताशाकडे बघत उभी राहतात, कुणाचा टिपरू उशिरा पडतो, मागच्या रांगेतले दोघे तर वाजवतच नाहीत, नुसते हात हलवतात. गणपती येईतो तेच पन्नास ढोल छातीत घुमायला लागतात. एकही ढोल वाढलेला नाही, कातडं तेच. वाढलं ते एवढंच, की मागच्या रांगेपर्यंत इशारा पोचायला लागला आणि हात जलद पडायला लागले. व्यायाम सुरू केला की स्नायूचंही पहिले काही आठवडे हेच होतं. हार्वर्डच्या एलवुड हेनमन यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की काम पडलं की आधी छोट्या चेतापेशी जाग्या होतात आणि जोर वाढवावा तशा मोठ्या. सगळ्यात दांडगे ढोल मागच्या रांगेत! फुलपात्र उचलताना त्यांना कुणी विचारत नाही. भरलेला गॅस सिलिंडर सरकवायचा असतो तेव्हा त्यांना हाक पडते आणि ज्याला सवय नाही त्याच्या हाकेला ते पुरेसे धावत नाहीत.

हे ऐकताही येतं. केंब्रिजच्या एडगर एड्रियन आणि डेटलेव्ह ब्रॉन्क यांनी १९२९ मध्ये माणसाच्या स्नायूत सुईसारखा बारीक इलेक्ट्रोड खुपसला आणि विजेचे स्पंद लाउडस्पीकरवर सोडले. हलका जोर लावला की संथ टक्... टक्... टक्. जोर वाढवला की तोच आवाज जलद होतो, मग त्यात दुसरा मिसळतो, मग तिसरा. एड्रियन यांना नोबेल मिळालं ते १९३२ मध्ये, शेरिंग्टन यांच्याबरोबर.

पथकाची उपमा इथे मात्र मोडते, आणि मोडू द्यावी. पथकात सगळ्यांचा टोला एका क्षणी पडला पाहिजे. स्नायूत गट मुद्दाम मागेपुढे वाजतात, म्हणून तर हाताची ओढ सलग राहते. सगळे एकाच ठेक्यावर आले, तर चहाचा कप ओठांशी पोचायच्या आत अंगावर सांडेल.

जिममध्ये नाव घातलेल्या पोरांची तक्रार यावरून उलगडते. महिनाभरात डंबेल पाच किलोवरून आठवर गेलेलं असतं आणि शर्टाची बाही मात्र होती तेवढीच ढिली. ट्रेनर म्हणतो, प्रोटीनचा डबा घे. तोशिओ मोरितानी आणि हर्बर्ट डीव्ह्रीस यांनी १९७९ मध्ये आठ आठवड्यांच्या व्यायामाचा हिशेब मांडून दाखवला, की सुरुवातीच्या ताकदवाढीतला मोठा वाटा चेतासंस्थेचा असतो; स्नायू जाड होण्याचा भाग साधारण तीन ते पाच आठवड्यांनंतर वरचढ ठरतो. म्हणजे पहिल्या महिन्याची कमाई डब्याच्या खात्यावर मांडायचं काही कारण नाही.

याहून बोलका प्रयोग १९९० मधला. बोस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना पायाच्या व्यायामाला बसवलं. हलका-फुलका नव्हे, चांगलं वजन लावून, आठ आठवडे. मांडीच्या स्नायूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ वाढलं ९ टक्के. ताकद वाढली सरासरी १७४ टक्के! या दोन आकड्यांमधली दरी नुसत्या स्नायूंनी भरून निघत नाही. दोघांनी तर काठी सोडली. आपल्याकडे सत्तरी ओलांडली की 'आता कशाला दगदग' म्हणून खुर्चीत बसवून ठेवायची रीत आहे, तिला मी प्रेम म्हणत नाही.

आता हात न हलवताही ताकद वाढते का? आयोवा विद्यापीठात ग्वांग यू आणि केली कोल यांनी १९९२ मध्ये हेच तपासलं. करंगळी बाजूला ताणायची. एका गटाने चार आठवडे खरोखर ताणली : ३० टक्के वाढ. दुसऱ्या गटाने ती ताणतोय अशी नुसती कल्पना केली, स्नायू शांत ठेवून : २२ टक्के वाढ. हा प्रयोग समाजमाध्यमांवर दर महिन्याला नव्याने जन्मतो, 'सोफ्यावर बसून बॉडी कमवा' अशा मथळ्यासह. तेव्हा हेही सांगितलं पाहिजे, की कोपर वाकवणाऱ्या स्नायूंवर असाच प्रयोग झाला तेव्हा कल्पनेचा वेगळा फायदा दिसला नाही. करंगळी आडवी ताणायचं काम आपण जन्मात कधी मनापासून केलेलं नसतं, तिथे शिकायला भरपूर वाव. दंड तर बादल्या उचलून आधीच शिकलेला.

एमिली ब्राउन यांचा ४३ टक्क्यांचा आकडाही याच चाळणीतून गेला पाहिजे. तो एका व्यक्तीचा आहे, आणि कुठलीही चाचणी दुसऱ्यांदा दिली की थोडी बरी जातेच. व्यायाम न करणाऱ्यांचा गट तुलनेला घेऊन पुढे जे प्रयोग झाले, त्यांचा एकत्र विचार केला तर न वापरलेल्या हाताची वाढ सरासरी ८ ते १२ टक्क्यांच्या घरात येते. कमी वाटते, पण प्लास्टरमधल्या हाताला तेवढीही मोलाची. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मनगट मोडलेल्या, पन्नाशीपुढच्या स्त्रियांना धड हाताचा व्यायाम दिला. बाराव्या आठवड्यात त्यांच्या मोडलेल्या हाताची पकड आणि मनगटाची हालचाल, नेहमीचेच उपचार घेतलेल्या बायकांपेक्षा चांगली होती. सव्विसाव्या आठवड्यापर्यंत मात्र दोन्ही गट बरोबरीला आले. म्हणजे कमाई आहे ती लवकर बरं होण्याची. पण ज्या बाईला स्वतःची वेणी घालायची आहे, कुकरचं झाकण लावायचं आहे, तिला तीन महिने ही मोठी मुदत आहे.

तेव्हा सातारकर, आईंना चेंडू दाबू द्या. एक हात जोराने आवळला की मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत हालचाल होते, दुसऱ्या हाताकडे जाणाऱ्या वाटाही जाग्या राहतात. अट एकच : बाईंनी सांगितलंय तसा जोर खरोखर लागला पाहिजे. टीव्ही बघता बघता कुरवाळलेला चेंडू कामाचा नाही.

उलट बाजूनेही चेतासंस्था आपला इंगा दाखवते. गुडघ्यात पाणी झालं किंवा तिथे शस्त्रक्रिया झाली, की मांडीचा पुढचा स्नायू अचानक 'ऐकत नाही'. तो काही एका रात्रीत झिजलेला नसतो. सुजलेल्या सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे मेरुरज्जूच त्याला जाणारा हुकूम दाबून टाकतो. म्हणून तर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, ती पलंगावर दाबायला लावतात. दिसायला पोरखेळ. प्रत्यक्षात बंद पडलेली लाइन पुन्हा जोडायचं काम.

राहता राहिला उत्साहाचा प्रश्न, जो बहुतेकांना ताकदीपेक्षा जास्त छळतो. सकाळी उठल्यापासून अंगात त्राण नाही, तपासण्या सगळ्या ठीक. सध्या यावर गळ्यात घालायची, कानाला लावायची उपकरणं विकली जातात. 'व्हेगस नर्व्ह रिसेट' असं काहीतरी खोक्यावर असतं. अपस्माराच्या काही रुग्णांत ही व्हेगस नावाची चेता विजेने उत्तेजित करण्याचा खरा वैद्यकीय उपयोग आहे, पण त्यावरून कानाला क्लिप लावून आळस जाईल असं ठरत नाही.

त्यापेक्षा जॉर्जिया विद्यापीठातला २००८ चा एक छोटा प्रयोग मला आवडतो. सतत थकवा वाटणारे, बैठं आयुष्य जगणारे ३६ तरुण. काहींना मध्यम, काहींना अगदी हलका व्यायाम, आठवड्यातून तीनदा २० मिनिटं, सहा आठवडे. उरलेल्यांना काहीच नाही. व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांनी उत्साह सुमारे २० टक्के वाढल्याचं सांगितलं. आकडे लोकांच्या सांगण्यावरचे आहेत आणि माणसं थोडी, हे ध्यानात ठेवायचं. पण त्यातल्या दोन गोष्टी विचार करायला लावतात. एक, उत्साहाची वाढ आणि दमसासाची वाढ यांचा मेळ बसला नाही. म्हणजे हृदय-फुप्फुसं सुधारली म्हणून बरं वाटलं, असा सरळ हिशेब नव्हता. त्यामुळे संशोधकांचा रोख चेतासंस्थेकडे वळला. दुसरी, थकवा जास्त उतरला तो हलका व्यायाम करणाऱ्यांचा : ६५ टक्के, तर मध्यम गटाचा ४९. वर्षाची फी आगाऊ घेणाऱ्या कुठल्याही जिमच्या फलकावर हा आकडा मी अजून पाहिलेला नाही.