आवृत्तीपूर्वीची दोषनोंद : लिब्रेऑफिसच्या चाचणीचे काम

लिब्रेऑफिस हा लेखन, हिशेबतक्ते आणि सादरीकरणे यांसाठी वापरला जाणारा मुक्त-स्रोत संच वर्षातून दोनदा, साधारणतः फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, नव्या मोठ्या आवृत्तीच्या रूपाने प्रसिद्ध होतो. ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येते ते मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर. हा प्रकल्प 28 सप्टेंबर 2010 रोजी ओपनऑफिस डॉट ऑर्गपासून वेगळा झाला आणि त्याचा कारभार बर्लिन येथील द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था पाहते. येथे आवृत्तीची तारीख आधी ठरते. एखादी नवी सोय तोवर तयार झाली नाही तर ती पुढच्या सहामाहीपर्यंत मागे राहते, तिच्यासाठी आवृत्ती थांबत नाही. 2024 पासून तर आवृत्तीचा क्रमांकच वर्ष आणि महिना यांवरून दिला जातो, जसे 24.2 आणि 24.8. तारीख अशी बांधलेली असल्यामुळे तिच्या आधीच्या अडीच-तीन महिन्यांत चाचणी किती नेटाने होते यावर आवृत्तीचा दर्जा अवलंबून राहतो, आणि त्या चाचणीचा बराचसा भार प्रोग्रॅमर नसलेले, जगभर विखुरलेले वापरकर्ते स्वेच्छेने उचलतात.

या काळात आधी अल्फा, मग बीटा आणि शेवटी आरसी, म्हणजे रीलीज कॅन्डिडेट, अशा कच्च्या आवृत्त्या क्रमाने उपलब्ध होतात. बीटाच्या सुमारास नव्या सोयी स्वीकारणे बंद होते, त्यानंतर मेनू आणि खिडक्यांमधला इंग्रजी मजकूरही गोठवला जातो, जेणेकरून मराठीसह इतर भाषांच्या अनुवादकांना स्थिर मजकुरावर काम करता यावे. तारीख जवळ येते तसतसा बदलांवरचा पहारा कडक होतो आणि अखेरच्या टप्प्यात साध्या दुरुस्तीलाही एकाहून अधिक जाणकारांची संमती लागते. अल्फा आणि बीटा या आवृत्त्या 'लिब्रेऑफिसडेव्ह' या नावाने संगणकावर वेगळ्या बसतात, त्यामुळे रोजच्या कामाच्या आवृत्तीला धक्का लागत नाही; आरसी मात्र आधीच्या आवृत्तीच्या जागी बसते, हे चाचणी करणाऱ्याने आधीच लक्षात ठेवलेले बरे.

यंत्राकडून होणाऱ्या चाचण्या या प्रकल्पात भरपूर आहेत. प्रत्येक बदलानंतर आज्ञावली नव्याने बांधून पाहिली जाते, आणि सार्वजनिक दोषनोंदींना जोडलेले हजारो दस्तऐवज आपोआप उघडून कोणत्या दस्तऐवजाने कार्यक्रम कोसळतो हेही तपासले जाते. तथापि दस्तऐवज न कोसळता उघडला, पण त्यातील तक्त्याची कडा नाहीशी झाली किंवा तळटीप पुढच्या पानावर घसरली, तर यंत्राला ती चूक आहे हे बहुधा कळत नाही. ते कळण्यासाठी तो दस्तऐवज ज्याने तयार केला आणि जो त्याला वर्षानुवर्षे ओळखतो त्याचीच नजर लागते. सार्वजनिक चाचणीचे खरे कारण हे आहे, आणि ते माणसे फुकट मिळतात या कारणापेक्षा फार मोठे आहे.

दोष दिसणे आणि दोष नोंदवणे यांत मोठे अंतर असते. बगझिला नावाच्या नोंदपद्धतीत प्रत्येक दोषाला क्रमांक, शीर्षक, घटक आणि स्थिती मिळते; परंतु नोंदीचा जीव तिच्या वर्णनात असतो. 'फाइल नीट उघडत नाही' एवढेच लिहिणाऱ्या नोंदीवर कोणीही काही करू शकत नाही. उपयोगी नोंदीत कृतीच्या पायऱ्या एकामागून एक येतात : सोबतची फाइल उघडावी, दुसऱ्या परिच्छेदात कर्सर ठेवावा, अमुक मेनूतील अमुक पर्याय निवडावा. त्यानंतर काय घडले आणि काय घडायला हवे होते हे दोन वेगळ्या वाक्यांत सांगितलेले असते, कारण ही दोन विधाने एकमेकांत मिसळली की तक्रार तेवढी उरते आणि माहिती हरवते. 'हेल्प' मेनूतील 'अबाउट' या खिडकीत आवृत्तीचा नेमका क्रमांक, बांधणीचा संकेतांक, कार्यकारी प्रणाली, चित्र रेखाटणारी यंत्रणा आणि भाषेची मांडणी हे सारे एका बटणाने नकलून घेता येते, आणि ते जसेच्या तसे नोंदीत चिकटवणे अपेक्षित असते. शिवाय दोष वापरकर्त्याच्या जुन्या मांडणीमुळे उद्भवला आहे की आज्ञावलीमुळे, हे ठरवण्यासाठी 'सेफ मोड' आहे; त्यात कार्यक्रम कोऱ्या मांडणीने सुरू होतो आणि तेथे दोष नाहीसा झाला तर शोधाची दिशाच बदलते.

या कामातील सर्वांत कौशल्याचा भाग म्हणजे दस्तऐवज लहान करणे. दोनशे पानांच्या अहवालात एका ठिकाणी चित्र चुकीच्या जागी सरकत असेल तर तो अहवाल जसाच्या तसा जोडल्यास प्रोग्रॅमरला गवताच्या गंजीत सुई शोधावी लागते. म्हणून चाचणी करणारा आधी अर्धी पाने काढून पाहतो, दोष टिकला तर उरलेल्यांतली अर्धी काढतो, मग शीर्षलेख, मग शैली, मग एकेक परिच्छेद, आणि असे करता करता एक चित्र, एक ओळ आणि एक तळटीप एवढाच दस्तऐवज हाती उरतो, ज्यात दोष अजून जसाच्या तसा आहे. या छाटणीत बहुधा दोषाचे कारणही अर्धे उलगडलेले असते. जोडलेली फाइल सर्वांना खुली असल्यामुळे मूळ मजकुरातील नावे, पत्ते, रकमा काढून तेथे निरर्थक अक्षरे भरणे हीदेखील नोंदवणाऱ्याचीच जबाबदारी असते. दोष दुरुस्त झाल्यावर असा छोटा दस्तऐवज पुष्कळदा आज्ञावलीच्या स्वयंचलित चाचण्यांत कायमचा सामील होतो, आणि प्रोग्रॅमिंगची एक ओळही न लिहिलेल्या माणसाने तयार केलेली ती फाइल पुढची अनेक वर्षे त्या दोषाला परत येऊ देत नाही.

नवी नोंद 'अनकन्फर्म्ड', म्हणजे अजून दुजोरा न मिळालेली, या स्थितीत राहते. स्वतःच्या नोंदीला स्वतःच दुजोरा देऊ नये असा येथील शिरस्ता आहे; दुसऱ्या कोणीतरी आपल्या संगणकावर त्याच पायऱ्या करून तोच दोष पाहिला तरच ती 'न्यू' ठरते. माहिती अपुरी असेल तर नोंद 'नीडइन्फो' होते आणि सहा महिने उत्तर आले नाही तर स्मरणपत्र जाऊन कालांतराने ती बंद होते. तोच दोष आधी नोंदवलेला असेल तर नवी नोंद जुनीला जोडली जाते. ही छाननी करणारे बहुसंख्य लोक स्वयंसेवक असतात, आणि इतरांच्या अपुऱ्या, कधी रागावलेल्या वाक्यांतून दोषाचा नेमका आकार शोधून काढण्याचे त्यांचे चिकाटीचे काम आज्ञावली लिहिण्याइतकेच मोलाचे आहे.

पूर्वी नीट चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली तर तिला 'रिग्रेशन' म्हणतात, आणि आवृत्तीपूर्वीच्या काळात सर्वाधिक लक्ष तिच्याकडे असते. अशा दोषाचा उगम शोधण्याची लिब्रेऑफिसमधील पद्धत 'बायबिसेक्ट' या नावाने ओळखली जाते. प्रकल्पाने जुन्या-नव्या बदलांनंतरच्या तयार बांधण्या एका भांडारात क्रमाने साठवून ठेवल्या आहेत, त्यामुळे चाचणी करणाऱ्याला आज्ञावली स्वतः बांधावी लागत नाही. तो सर्वांत जुनी बांधणी 'गुड' आणि सर्वांत नवी 'बॅड' असे सांगतो; भांडार त्याला बरोबर मधली बांधणी काढून देते; तो ती सुरू करतो, छाटलेली फाइल उघडतो, चित्र जागेवर आहे की सरकले ते पाहतो आणि 'गुड' किंवा 'बॅड' एवढाच शब्द टाइप करतो. प्रत्येक उत्तरासरशी संशयित बदलांची संख्या निम्मी होते, त्यामुळे आठ हजार बदलांतून दोषी बदल शोधायला तेरा वेळा फाइल उघडणे पुरते. तासाभराच्या या संथ, यांत्रिक वाटणाऱ्या कामानंतर हाती एका विशिष्ट बदलाचा संकेतांक येतो, तो बदल करणाऱ्या प्रोग्रॅमरला नोंदीत सामील करून घेतले जाते, आणि 'कुठेतरी काहीतरी बिघडले' या विधानाची जागा 'या दिवशीच्या या बदलाने बिघडले' हे विधान घेते.

मराठी वापरकर्त्यांचा संबंध येथे थेट येतो. लिब्रेऑफिस देवनागरीची गणना 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या गटात करते, म्हणजे ज्या लिपींत अक्षरे जोडली जाऊन नवे आकार तयार होतात त्या गटात. आणि या गटासाठी टंक, आकार, ठळकपणा यांची नोंद इंग्रजीपासून वेगळी ठेवली जाते, त्यामुळे इंग्रजी मजकुरावर बिनचूक चाललेली सोय देवनागरीतही चालेलच असे गृहीत धरता येत नाही. 2017 मधील 5.3 या आवृत्तीपासून अक्षरजुळणीचे काम सर्व प्रणालींवर हार्फबझ या एकाच यंत्रणेकडे आल्याने विंडोज, मॅक आणि लिनक्स यांवरील फरक पुष्कळ कमी झाला. मराठीच्या खास गरजा मात्र तपासायला मराठी वाचणाराच माणूस लागतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत पहिला गुरूंविषयीचा आणि दुसरा स्वयंपाक्यांविषयीचा आहे, आणि दोहोंमधला भेद एका रफाराचा आहे. दुसऱ्या शब्दातील आडवा रफार मोडून पडला तरी बर्लिनमधील किंवा अन्य कोठील प्रोग्रॅमरला पडद्यावर काही चुकले आहे असे वाटणार नाही. हाच रफार इनस्क्रिप्ट कळफलकावर नुक्त्याच्या 'ऱ'ला हलन्त जोडून उमटतो, तर अन्य काही पद्धतींत साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. म्हणून डोळ्यांना एकच दिसणारा शब्द संगणकाच्या दृष्टीने दोन निराळ्या संकेतमालिका असू शकतो. अशा नोंदीला केवळ पडद्याचे चित्र जोडून भागत नाही, मूळ फाइल द्यावी लागते आणि कोणत्या कळा दाबल्या हेही लिहावे लागते.

दोष कोणाचा, हा प्रश्न मराठीच्या बाबतीत अधिक नाजूक होतो. मराठी वळणाचे 'श' आणि 'ल' हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात, पण युनिकोडमध्ये त्यांना वेगळे संकेतांक नाहीत. टंकात दोन्ही वळणे असतील तर मजकुराची भाषा 'मराठी' नेमलेली असतानाच मराठी वळण उमटते. तेव्हा वळण चुकले तर आधी भाषेची नेमणूक पाहावी, मग दुसरा टंक लावून पाहावा, मग तोच टंक फायरफॉक्ससारख्या हार्फबझ वापरणाऱ्या अन्य कार्यक्रमात तपासावा. तेथेही वळण चुकत असेल तर दोष लिब्रेऑफिसचा नसून टंकाचा किंवा हार्फबझचा असण्याचा संभव अधिक, आणि नोंद तिकडे न्यावी लागते. ही पारख आधी करणारा एक मराठी वापरकर्ता परभाषिक छाननीकारांचे कित्येक तास वाचवतो.

सर्व नोंदी दुरुस्त होत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दुजोरा मिळालेल्या अनेक नोंदी वर्षानुवर्षे खुल्या राहतात, आणि वर्षभर कोणी हात न लावलेल्या नोंदीवर 'दोष अजून आहे का ते पुन्हा पाहावे' अशी विनंती येते. ती पाहून नोंदवणारे निराश होतात आणि त्यांची निराशा समजण्यासारखी आहे. परंतु थोड्या वापरकर्त्यांच्या भाषेबाबत नोंदच नसेल तर दुरुस्तीचा प्रश्नही उद्भवत नाही, आणि नोंद आवृत्तीपूर्वी झाली असेल तर ताज्या बदलामुळे झालेला बिघाड तो बदल मागे घेऊनही टाळता येतो.

बगझिलावर खाते उघडण्यासाठी ईमेल पत्ता पुरतो. मराठी पुस्तके जुळवणारे, शाळांच्या प्रश्नपत्रिका तयार करणारे, ग्रामपंचायतींचे आणि संस्थांचे इतिवृत्त लिहिणारे यांनी डिसेंबरच्या किंवा जूनच्या सुमारास येणारी बीटा आवृत्ती उतरवून आपला नेहमीचा एक दस्तऐवज तिच्यात उघडावा, छापून पाहावा, पीडीएफ करून पाहावा आणि रफार, जोडाक्षरे, तक्ते जागच्या जागी आहेत का ते वाचावे. शेवटची आरसी बहुधा जशीच्या तशी अंतिम आवृत्ती म्हणून प्रसिद्ध होते. तिच्यानंतर सापडलेल्या दोषाची दुरुस्ती लवकरात लवकर पुढच्या सुधारित आवृत्तीत येते.